ट्रॅक्टरच्या टायरमधील हवा : खाचरात वेगळी, घाटरस्त्यावर वेगळी

महाड आणि पोलादपूर तालुक्यांत पावसाळा सुरू झाला की एकाच ट्रॅक्टरला दोन कामे पडतात. सकाळी भातखाचरात चिखलणी आणि दुपारी ट्रॉली जोडून खते, रोपे किंवा चिरा वाहणे. काम बदलले तरी टायरमधील हवा मात्र तीच राहते. त्याचा फटका कधी जमिनीला बसतो, तर कधी चालकाच्या जिवाला. म्हणून टायरवरील खुणा आणि हवेचा दाब नीट समजून घ्यावा.

टायरवरील आकडे कसे वाचावेत?

- १३.६-२८ : टायरची रुंदी १३.६ इंच आणि रिमचा व्यास २८ इंच. मधल्या आडव्या रेघेऐवजी ‘आर’ हे अक्षर असेल तर टायर रेडियल आहे.
- १२ पीआर : ही टायरची ताकद सांगणारी श्रेणी आहे. पूर्वी ती सुती थरांची संख्या असे. आज टायरमध्ये प्रत्यक्ष बारा थर असतातच असे नाही.
- १८५/६५ आर १५ ८८ एच : ही खूण मोटारीच्या टायरवर दिसते. रुंदी १८५ मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या ६५ टक्के, रचना रेडियल, रिम १५ इंच. ‘८८’ म्हणजे एका टायरवर जास्तीत जास्त ५६० किलो भार, तर ‘एच’ म्हणजे ताशी २१० किलोमीटर वेगमर्यादा.
- चार अंकी तारीख : २३२४ म्हणजे २०२४ सालच्या २३ व्या आठवड्यात तयार झालेला टायर.

टायरच्या बाजूवर लिहिलेला सर्वाधिक दाब ही मर्यादा आहे, रोज भरायचा आकडा नव्हे. रोजचा आकडा ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत असतो. मोटार व पिकअपसाठी तो बहुधा चालकाच्या दरवाजाच्या चौकटीवरील पट्टीवर मिळतो. गॅरेजवर ‘तीस पाऊंड हवा’ म्हणतात, तेव्हा ३० पीएसआय असा अर्थ असतो. १ बार म्हणजे सुमारे १४.५ पीएसआय.

दाबाचा जमिनीशी संबंध

टायर जमिनीच्या वरच्या थरावर जो दाब देतो, तो ढोबळमानाने आतील हवेच्या दाबाइतका असतो. हवा जास्त असेल तर टायर कमी जागेवर टेकतो, रुततो आणि घसरतो. पुस्तिकेत शेतकामासाठी दिलेल्या कमी दाबावर तो पसरून टेकतो व पकड वाढते.

भाताला पाणी धरून ठेवण्यासाठी खाली थोडा घट्ट थर लागतो, हे खरे. पण तो फार घट्ट झाला तर भातानंतर उरलेल्या ओलीवर घेतलेल्या वालाची किंवा हरभऱ्याची मुळे खाली जात नाहीत. भातकापणीनंतर जमिनीत ओल असतानाच लोखंडी सळई हाताने दाबून पाहावी. चाकोरीत ती लगेच अडते आणि बाजूला सहज जाते, असे दिसले तर जमीन चाकांखाली दबली आहे असे समजावे.

रस्त्यावर कमी हवा का धोक्याची?

ट्रॉलीचा भार आणि वेग वाढला की कमी हवेच्या टायरची बाजू सतत दुमडते व तापते. टायर रिमवरून सरकू शकतो किंवा फुटू शकतो. आंबेनळी, वरंध किंवा कशेडी घाटाच्या उतारावर असे घडले तर ट्रॅक्टर सावरायला जागा नसते. म्हणून शेतासाठी कमी केलेली हवा रस्त्यावर येण्यापूर्वी पुन्हा भरलीच पाहिजे. शेताजवळ हवा भरण्याची सोय नसेल, तर हवा कमी करूच नये. चिखलणीसाठी केज व्हील लावावे आणि डांबरी रस्त्यावर येण्याआधी ते काढावे.

हवा तपासताना

1. सकाळी, टायर थंड असताना तपासावे. चाललेल्या टायरमध्ये दाब वाढलेला दिसतो. तो पाहून हवा सोडू नये.
2. स्वतःचा दाबमापक बाळगावा. मोठा टायर पायाने दाबून अंदाज येत नाही.
3. मागील दोन्ही टायरमध्ये दाब सारखा ठेवावा. पॉवर टिलरचेही तसेच; दाब कमी-जास्त असेल तर टिलर एका बाजूला ओढतो.
4. नक्षी मध्यभागी झिजली असेल तर हवा सतत जास्त, दोन्ही कडांना झिजली असेल तर कमी राहते असे समजावे.
5. हवा भरताना टायरच्या बाजूसमोर उभे राहू नये.
6. व्हॉल्व्हची टोपी नेहमी लावावी. चिखल आत गेला की हवा हळूहळू गळते.

पुस्तिका उघडून शेतकाम आणि वाहतूक यांसाठीचे दोन्ही आकडे मडगार्डवर रंगाने लिहून ठेवा. ट्रॅक्टर कोणीही चालवला, तरी त्याला ते समोर दिसतील.