आई-बाबांनाही क्लास!

पोरगं बिघडलं की निदान ठरलेलं असतं, 'संगत वाईट.' उपायही ठरलेला: घरी एक सणसणीत लेक्चर, शाळेत काळ्या फुप्फुसांचे फोटो. अमेरिकेने हा लेक्चरचा फंडा जोरात राबवलाय. १९८३ मध्ये लॉस एंजेलिसला 'डेअर' सुरू झालं. युनिफॉर्ममधला पोलिस वर्गात येऊन ड्रग्जपासून लांब राहायला शिकवायचा. कार्यक्रम देशभर हिट! पण नंतरच्या अभ्यासांत दिसलं, की त्यात बसलेली मुलं आणि न बसलेली मुलं यांच्यात जवळपास काहीच फरक नाही.

त्याच सुमारास युटा राज्यात कॅरोल कंफर या मानसशास्त्रज्ञ थेट घराकडे वळल्या. त्यांच्यासमोर होते ड्रग्ज सोडण्यासाठी उपचार घेणारे पालक आणि त्यांची लहान मुलं. त्यांनी नुसता पालकांचा क्लास घेऊन पाहिला, पालक आणि मुलांचे वेगवेगळे क्लास घेऊन पाहिले आणि शेवटी दोघांना एकत्रही बसवलं. एकत्र बसवणं सरस ठरलं. हाच तो 'स्ट्रेंथनिंग फॅमिलीज प्रोग्राम'.

पुढे आयोवात दहा ते चौदा वयासाठी त्याचं सुटसुटीत रूप आलं. सात आठवडे, दर आठवड्याला एक संध्याकाळ, दोन तास. पहिला तास आई-बाबा एका खोलीत, मुलं दुसऱ्या. आई-बाबा शिकतात, न ओरडता नियम कसा सांगायचा, छोट्या चुकीला छोटीच शिक्षा कशी द्यायची. मुलं शिकतात, मैत्री न तोडता मित्राला 'नाही' कसं म्हणायचं. आणि मला भारी आवडलेला भाग म्हणजे, आई-बाबांनाही टेन्शन असतं हे मुलांना चक्क शिकवलं जातं! दुसऱ्या तासात सगळे एकत्र. खेळायचं, बोलायचं, घरची मीटिंग कशी घ्यायची याची प्रॅक्टिस करायची. वाचताना बाळबोध वाटतं ना? मलाही वाटलं. पण १९९३ मध्ये ग्रामीण आयोवातल्या ३३ शाळांमधल्या सहावीच्या मुलांना घेऊन चाचणी सुरू झाली, आणि चार वर्षांनी या क्लासला आलेल्या घरांतली मुलं दारूकडे कमी वळलेली दिसली. यात कुणी 'वाया गेलेली' मुलं निवडली नव्हती. चारचौघांसारखी घरं होती.

आता गोची. स्वीडनने क्लास उचलला, पण मुलांचा बराचसा भाग शाळेच्या वेळेत उरकला आणि एकत्र बसणं अगदी कमी केलं. परिणाम शून्य. तुम्ही म्हणाल, मग होणारच. पण पोलंडमध्येही मोठी चाचणी झाली, २०१७ मध्ये तिचे निष्कर्ष आले, आणि तिथेही फरक दिसला नाही. म्हणजे हे काही रामबाण औषध नाही. तरी लेक्चरपेक्षा मी यावरच पैसे लावीन. निदान इथे मोठ्यांनाही शिकावं लागतं.

आपल्याकडे व्यसनाच्या उपचारात कुटुंबाला सामील करून घेणं नवं नाही. अवचट दाम्पत्याने १९८६ मध्ये पुण्यात सुरू केलेल्या 'मुक्तांगण'मध्ये रुग्णांच्या बायकांसाठी 'सहचरी' गट आहे. पण ते व्यसन लागल्यानंतरचं. आधीचं काय? या कार्यक्रमांत आलेल्या घरांसाठी जेवण आणि धाकट्या भावंडांना सांभाळायची सोय करतात, कारण दमलेले पालक त्याशिवाय येत नाहीत. आपल्याकडे असा क्लास निघालाच, तर संध्याकाळी सातची वेळ तेवढी ठेवू नका. हिंजवडीहून निघालेला बाबा तेव्हा वाकडच्या पुलाशीच अडकलेला असतो.