अभ्यासाच्या खोलीतला शांत संगणक : सुट्या भागांची डोळस निवड

बारावीचा निकाल लागतो, महाविद्यालयीन प्रवेशाची धांदल सुरू होते आणि धाराशिव, तुळजापूर, कळंब, उमरगा येथील व्यापारी घरांतून एका खरेदीची चर्चा हमखास निघते. ती म्हणजे संगणकाची. अभियांत्रिकी असो, वाणिज्य असो की संगणकशास्त्र, त्यावाचून अभ्यास पुढे सरकत नाही. किंमत किती, वेग किती, पडदा केवढा, या प्रश्नांची चौकशी घरातील मंडळी बारकाईने करतात. मात्र त्याचा आवाज किती, हा प्रश्न दुकानात क्वचितच विचारला जातो. तो घरी आल्यावर रात्री साडेदहा वाजता आपोआप उभा राहतो.

खाली दुकान आणि वर बिऱ्हाड, मधल्या खोलीत आजी-आजोबांचे अंथरूण, कोपऱ्यात अभ्यासाचे टेबल, अशी आपल्याकडील कित्येक घरांची रचना असते. दिवसभर बाजाराचा गलबला असल्याने संगणकाची घरघर कोणाला जाणवत नाही. निजानीज झाल्यावर मात्र तीच घरघर खोली व्यापून टाकते. अशा वेळी घरातील वडीलधारे रागावत नाहीत, “आता बंद कर गं, सकाळी उठून कर,” एवढेच म्हणतात. यंत्र बंद होते आणि त्याबरोबर अभ्यासही. एकत्र घरात ज्याच्या कामाचा आवाज होतो, त्याचे काम आधी थांबते. आणि मुलगा परीक्षेसाठी मित्राच्या खोलीवर जाऊ शकतो, मुलीला ती मुभा बहुधा नसते. म्हणून संगणकाचा शांतपणा ही चैनीची बाब नाही. रात्रीचे दोन तास अभ्यासाला मिळणार की नाही, हे त्यावर ठरते.

लॅपटॉप की टेबलावरचा संगणक?

मुलगा किंवा मुलगी पुणे-मुंबईला वसतिगृहात राहणार असेल, तर लॅपटॉपला पर्याय नाही. घरी राहून तेरणा अभियांत्रिकी महाविद्यालयात किंवा तुळजापूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात जाणाऱ्यांचा विचार वेगळा आहे. लॅपटॉपच्या बारीक अंगात बारीक पंखे असतात, आणि काम वाढले की ते चिरक्या आवाजात फिरू लागतात. टेबलावरच्या संगणकात जागा मोठी असल्याने पंखा मोठा बसवता येतो, बिघडलेला एकच भाग बदलता येतो आणि दोन वर्षांनी गरज वाढली तर भर घालता येते. मात्र तयार यंत्र आणले तर आतला प्रत्येक भाग दुसऱ्याने निवडलेला असतो. सुटे भाग निवडून जोडून घेतले, तर निवड आपली राहते.

आवाजाचे मूळ उष्णतेत

संगणकात आवाज करणारे भाग मोजकेच असतात : प्रोसेसरवरील पंखा, कॅबिनेटचा पंखा, वीज पुरवणाऱ्या एसएमपीएसमधील पंखा, असल्यास ग्राफिक्स कार्डावरील पंखे आणि जुन्या पद्धतीची फिरती हार्ड डिस्क. डिस्क सोडली तर बाकी सर्व आवाज पंख्यांचा, आणि पंखे आहेत ते उष्णता बाहेर काढण्यासाठी. यंत्र जेवढी वीज खाते, तेवढी सगळी अखेर उष्णता होऊन बाहेर पडते. जी उष्णता मुळात निर्माणच होत नाही, तिच्यासाठी पंखाही लागत नाही. शांततेचा पहिला हिशेब येथेच सुरू होतो.

दुसरा हिशेब पंख्याचा. पंख्याची गती निम्मी केली की हवा निम्मी मिळते, पण आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो. १० डेसिबलचा फरक कानाला साधारण दुप्पट-निमपट वाटतो, हे लक्षात घेतले म्हणजे ही घट किती मोठी आहे ते कळते. उलट, एकासारखा एक असे दोन पंखे लावले तर आवाज केवळ ३ डेसिबलने वाढतो. म्हणजे एका वेगवान पंख्याऐवजी तेच दोन पंखे निम्म्या गतीने फिरवले, तर हवा जवळपास तेवढीच मिळते आणि आवाज सुमारे १२ डेसिबलने कमी होतो. पंखा मोठा घेण्यामागेही हेच तत्त्व आहे. ८० मिलिमीटरच्या पंख्यापेक्षा १२० मिलिमीटरच्या पंख्याचे क्षेत्रफळ सव्वादोन पट असते. तेवढीच हवा तो संथ फिरून देतो.

तुलनेसाठी एक मोजमाप ध्यानात असावे. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २०००, यांनुसार निवासी भागासाठी रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आणि शांतता क्षेत्रासाठी ४० डेसिबल आहे. ही मर्यादा घराबाहेरच्या परिसराची. निजलेल्या माणसापासून चार हातांवरचे यंत्र त्याहून पुष्कळ खाली असले पाहिजे. खोक्यावर छापलेल्या डेसिबलच्या आकड्यावर मात्र विसंबू नये. प्रत्येक कंपनी वेगळ्या अंतरावरून आणि वेगळ्या स्थितीत मोजते.

मराठवाड्याचा उन्हाळा आणि धूळ

थंड देशांतील सल्ला येथे जसाच्या तसा लागू पडत नाही. रायझन ५ ५६००जी या प्रोसेसरची तापमानाची कमाल मर्यादा ९५ अंश आहे. थंडीत खोलीत २० अंश असतील तर उष्णता बाहेर टाकायला ७५ अंशांचा फरक हाताशी असतो. मे महिन्यात पारा ४० वर गेला की तो फरक ५५ वर येतो. भांडवल पाव हिश्शाहून अधिक घटते आणि काम तेवढेच राहते. म्हणून उष्णता उतरवणारा कूलर गरजेपेक्षा एक पायरी मोठा घ्यावा.

याच कारणाने बिनपंख्याचा संगणक आपल्याकडे सुचवता येत नाही. दर्शनी बाजू बंद करून आत फोम लावलेली ‘सायलेंट’ कॅबिनेटही येथे घुसमटते आणि आतले पंखे जोराने फिरू लागतात. दर्शनी बाजूस जाळी आणि जाळीमागे काढून धुता येणारे गाळणे, ही रचना चांगली. कापसाच्या आणि सोयाबीनच्या हंगामात बाजारपेठेलगतच्या घरांत धूळ भरपूर येते. धुळीने कोंदलेला हीटसिंक हेच जुने यंत्र आवाज करू लागण्याचे नेहमीचे कारण असते. महिन्यातून एकदा गाळणे धुवावे आणि दिवाळीच्या साफसफाईत यंत्राचे आतले अंगही स्वच्छ करून घ्यावे.

एका बाबतीत ऋतूच मदतीला येतात. उन्हाळ्यात छताचा पंखा चालू असतो. त्याच्या आवाजात संगणकाचा पंखा थोडा वाढला तरी ऐकू येत नाही. हिवाळ्यात छताचा पंखा बंद असतो, खोली निःशब्द असते. पण हवाच गार असल्याने संगणकाच्या पंख्याला संथ फिरणे परवडते. तापमान पाहून गती ठरवण्याची सोय मदरबोर्डच्या बायॉसमध्ये असते. त्यासाठी चार पिनांचे पंखे घ्यावेत. जोडणी करणाऱ्याला सांगून ही गती बसवून घेण्यास एक रुपयाही जास्त लागत नाही.

भागांची निवड

प्रोसेसर ६५ वॅट वर्गातला पुरेसा आहे. रायझन ५ ५६००जी, त्याच्या नंतरच्या पिढीतील रायझन ५ ८६००जी किंवा इंटेलचा कोअर आय५-१२४०० हे या वर्गातील नमुने. तिन्हींत सहा कोअर आहेत आणि चित्र दाखवण्याची सोय प्रोसेसरमध्येच आहे. प्रोग्रॅमिंग, टॅली, ऑफिसची कामे, द्विमितीय आराखडे आणि ऑनलाइन तासिका एवढ्यासाठी वेगळे ग्राफिक्स कार्ड लागत नाही. ते टाळले की दोन-तीन पंखे आपोआप कमी होतात. येथे नावातील एका अक्षराकडे लक्ष द्यावे. १२४०० पुढे ‘एफ’ असेल किंवा ५६०० पुढे ‘जी’ नसेल, तर ती अंगभूत सोय नसते आणि कार्ड घेणे भाग पडते. वास्तुशास्त्र, अॅनिमेशन किंवा कृत्रिम बुद्धिमत्तेचा अभ्यासक्रम असेल तर कार्ड लागेल. तेही गरज उभी राहिल्यावर घ्यावे, आज केवळ जागा राखावी. इंटेलचा १२४०० थोड्या वेळासाठी ११७ वॅटपर्यंत जाऊ शकतो. बायॉसमध्ये ६५ वॅटची मर्यादा घातली तर रोजच्या कामात फरक जाणवत नाही, कानाला मात्र जाणवतो.

प्रोसेसरबरोबर मिळणाऱ्या कूलरचा पंखा लहान असतो. १२० मिलिमीटर पंख्याचा उभा कूलर वेगळा घेण्यात खर्च केलेले दोन-तीन हजार रुपये शांततेच्या दृष्टीने सर्वांत सत्कारणी लागतात. घेण्यापूर्वी त्याची उंची कॅबिनेटमध्ये बसते का, हे पाहावे. पाण्यावर चालणारे कूलर ६५ वॅटसाठी अनावश्यक आहेत. पंख्याच्या जोडीला पंपाची गुणगुण मात्र येते.

एसएमपीएसवर सर्वांत जास्त काटकसर होते आणि तीच अंगाशी येते. कॅबिनेटबरोबर ‘फुकट’ येणारा एसएमपीएस नाकारावा. संगणकाला आत २०० वॅट लागत असतील, तर ८० टक्के कार्यक्षमतेचा एसएमपीएस भिंतीतून २५० वॅट ओढतो आणि ५० वॅटची उष्णता करतो; ९० टक्क्यांचा सुमारे २२ वॅटची. ही उष्णता त्याच्याच पंख्याला बाहेर काढावी लागते. नामांकित कंपनीचा, ‘८० प्लस’ प्रमाणित, ४५० ते ५५० वॅटचा आणि १२० मिलिमीटर पंख्याचा एसएमपीएस घ्यावा.

साठवणुकीसाठी एसएसडी घ्यावी. तिच्यात फिरणारा भागच नसतो. मिनिटाला ७,२०० फेऱ्या घेणारी हार्ड डिस्क सेकंदाला १२० वेळा फिरते, आणि ती थरथर कॅबिनेटमधून टेबलात उतरून घुमते. जुने फोटो, हिशेबाच्या प्रती यांसाठी हार्ड डिस्क हवीच असेल तर बाहेरून जोडायची घ्यावी आणि काम झाले की काढून ठेवावी. रॅम १६ जीबी पुरते, पण ती ८-८ च्या दोन पट्ट्यांत घ्यावी. अंगभूत ग्राफिक्स याच रॅमवर चालते आणि दोन पट्ट्यांनी त्याचा वेग वाढतो.

यूपीएसचा विसर पडू नये. वीज गेल्यावर त्याची पीप-पीप रात्री सर्वांना उठवते. तो आवाज बंद करण्याची सोय असलेले नग मिळतात, ते मागून घ्यावेत. सर्व जमल्यावर कॅबिनेट खणात कोंबू नये. भिंतीपासून वीतभर दूर, रबरी पायांवर, शक्यतो टेबलाखाली पण जमिनीपासून थोडे उंच ठेवावे.

बिल आणि कर्ज

धाराशिवहून सोलापूर सत्तरेक किलोमीटरवर. त्याहून मोठी निवड हवी तर पुणे किंवा मुंबईचा लॅमिंग्टन रोड. रॅम आणि एसएसडीचे भाव धान्यासारखे चढउतार करतात, म्हणून दोन-तीन ठिकाणांचे भाव एकाच दिवशी घ्यावेत. दूरच्या पेठेत हजार रुपये वाचले आणि बिघाड झाल्यावर दोन खेपा झाल्या, तर बचत कोठे गेली, याचा हिशेब व्यापाऱ्याला सांगावा लागत नाही. प्रत्येक भागाची हमी वेगवेगळ्या मुदतीची असते. बिलावर प्रत्येकाचा अनुक्रमांक लिहून घ्यावा आणि खोकी जपून ठेवावीत.

संगणकाच्या भागांवर १८ टक्के जीएसटी आहे. तो वजा मिळावा म्हणून बिल पेढीच्या नावे करण्याचा मोह होतो. परंतु वैयक्तिक वापराच्या वस्तूवरील कराची वजावट केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) ने रोखलेली आहे. मुलांच्या अभ्यासाचे यंत्र घरच्याच नावे घेणे योग्य.

शैक्षणिक कर्ज घेणाऱ्यांना एक तरतूद ठाऊक असावी. भारतीय बँक संघाच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत, अभ्यासक्रम पूर्ण करण्यासाठी आवश्यक असेल तर वाजवी किमतीचा संगणक कर्जात धरता येतो. अर्जासोबत सुट्या भागांचे एकत्रित दरपत्रक द्यावे. जुन्या करप्रणालीत राहणाऱ्यांना अशा कर्जाच्या व्याजाची वजावट कलम ८०ई खाली मिळत आली आहे. दुकानातून हप्त्याने यंत्र उचलण्यापूर्वी या दोन वाटा तपासाव्यात.

निवडीचा क्रम एकूण असा ठरतो : आधी अभ्यासाची खरी गरज, मग त्या गरजेला पुरेल एवढाच कमी वॅटचा प्रोसेसर, त्यानंतर मोठा आणि संथ पंखा, चांगला एसएमपीएस आणि हवा खेळेल असे कॅबिनेट. रंगीत दिवे आणि काचेची बाजू यांसाठी राखलेले पैसे कूलर आणि एसएमपीएसकडे वळवले, तर एकूण खर्च फारसा वाढत नाही. पैसे देण्यापूर्वी मात्र एक परीक्षा घ्यावी. यंत्र जोडून झाले की दुकानातील छताचा पंखा मिनिटभर बंद करायला सांगावे, पंधरा मिनिटे यंत्रावर जड काम चालू ठेवावे आणि दोन हातांवर उभे राहून ऐकावे. जो आवाज तेथे खटकेल, तो मधल्या खोलीत रात्री दुपटीने खटकेल.