हातचा गळाला, सूर फाटला
आमच्या आठवीच्या मुलांनी अर्डुइनो युनो बोर्डावर पियानो केला. त्यातला तयार ‘टोन’ आदेश एका वेळी एकच सूर देतो, म्हणून सा, ग, प एकत्र वाजवण्याचा प्रोग्राम आम्ही लिहून दिला. वाजली ती घरघर! स्पीकर बदलला, वायरी तपासल्या. चूक निघाली बेरजेत, आमच्याच.

सूर म्हणजे सेकंदाला हजारो वेळा बदलणारा आकडा. सूर मिसळायचे तर आकडे मिळवायचे. पण आठ बिटांच्या कप्प्यात २५५ च्या पुढे जागा नाही. २०० आणि १०० मिळवले की ३०० ऐवजी ४४ उरतात, हातचा गळतो. बेरीज सोळा बिटांत करून तिनाने भागली. तिन्ही सूर स्वच्छ उमटले, जरा हळू.

आता सूर पियानोसारखा विरवायचाय, म्हणजे गुणाकार आला. एक मुलगी म्हणाली, “सर, या वेळी हातचा आम्ही बघतो.”