ॲम्बॅसडरची विलायती बहीण

आमच्या कचेरीत साहेबांसाठी पांढरी ॲम्बॅसडर होती. साहेब मागे बसत, पण गाडी खरी ओळखत ते आमचे ड्रायव्हरमामा. सकाळी गाडी अडून बसली की मामा बॉनेट उघडत आणि आम्ही कारकून मंडळी चहाचे ग्लास घेऊन भोवती जमत असू. एकदा आम्ही कुठेसे वाचलेले मामांना सांगितले की, हेच इंजिन विलायतेत पळणाऱ्या स्पोर्ट्स कारला बसवीत. मामा हसले. म्हणाले, "ह्या बैलाला शर्यतीत कोण घेणार, भाऊ?"

पण गोष्ट खरी होती. १९५९ पासून ॲम्बॅसडरला जे १४८९ सी.सी.चे पेट्रोल इंजिन बसू लागले, ते मूळचे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचे 'बी' सिरीज इंजिन. त्याच इंजिनावर त्या कंपनीने १९५५ साली एम.जी.ए. ही दोन माणसांची, डोक्यावर छप्पर नसलेली मोटार आणली. ॲम्बॅसडरला कार्बोरेटर एक, हिला दोन. अंगही हलके आणि बुटके. त्यामुळे तेच इंजिन हिला ताशी दीडशे किलोमीटरच्या पुढे नेई. १९६२ पर्यंत अशा १,०१,०८१ गाड्या तयार झाल्या. त्यातल्या दहांपैकी नऊहून अधिक परदेशी गेल्या, बहुतेक अमेरिकेत.

जुनी स्पोर्ट्स कार म्हटली की संस्थानिक आणि गिरणीमालक डोळ्यांपुढे येतात. आम्हालाही तसेच वाटे. काही गाड्यांच्या बाबतीत ते खरेही आहे. एम.जी.ए.ची जात मात्र वेगळी. साध्या घरगुती मोटारीचे भाग घेऊन ती बनविलेली होती, म्हणूनच ती पुन्हा उभी करणे पगारदार माणसालाही जमते. इंग्लंड-अमेरिकेत अशी कितीतरी माणसे शनिवार-रविवार घरच्या गॅरेजात ह्या कामी घालवतात. त्यांना काय आनंद मिळतो, हे कळण्यासाठी काम कसे चालते ते पाहिले पाहिजे.

प्रथम गाडी पूर्ण सोडवायची. एकेक नट-बोल्ट डब्यात, डब्यावर चिठ्ठी. हा आळस ज्याने केला तो पुढे सहा महिने रडला म्हणून समजावे. मग सांगाड्यावरून बॉडी उचलायची. सांगाडा जाड पोलादाचा, तो सहसा टिकतो. गंज खातो ते दाराखालच्या पोकळ पट्ट्यांना आणि दाराच्या खांबांच्या बुडाला. ह्या पट्ट्या कापून नव्या जोडाव्या लागतात. कापण्याआधी दाराच्या चौकटीत लोखंडी सळ्या आडव्या झाळून घ्याव्यात, नाहीतर बॉडी मधोमध वाकते आणि दार पुन्हा कधी नीट लागत नाही. पायाखालची जमीन चक्क प्लायवूडची, ती कोणताही सुतार करून देईल. दारे, बॉनेट आणि डिकीचे झाकण ॲल्युमिनियमचे. एका गाडीचे दार दुसरीला सरळ बसत नाही, कारण मुळात ते हाताने ठाकून-ठोकून बसविलेले असते. बॅटऱ्या सहा व्होल्टच्या दोन, सीटच्या मागे, आणि बॉडीला जोडतात ती धन बाजू. आजच्या सवयीने तारा जोडल्या की गडबड झालीच!

दाराला बाहेरून मूठ नाही. हात आत घालून दोरी ओढायची. पावसात ही गाडी गळते, हेही सांगितले पाहिजे. तरी तिचा मालक तक्रार करताना दिसत नाही.

कारण खरा आनंद शेवटच्या कामात आहे. दोन्ही कार्बोरेटर सारखी हवा ओढतात की नाही, हे पाहण्यासाठी रबरी नळीचे एक टोक कानाशी धरतात, दुसरे आधी एका कार्बोरेटरच्या तोंडाशी, मग दुसऱ्याच्या. फुसफुस एकसारखी ऐकू येईपर्यंत स्क्रू किंचित फिरवीत राहायचे. दोन सूर जुळले की सगळे इंजिन शांत होते. आजच्या संगणकी मोटारीच्या मालकाला हे सुख पैसे टाकूनही मिळणार नाही.

ही गाडी जिथे जोडली जाई, त्या ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात सरकता पट्टा नव्हता. कामगार गाडी हाताने ढकलीत पुढच्या जागी नेत. १९२९ पासून चाललेल्या त्या कारखान्याने सप्टेंबर १९७९ मध्ये पन्नास वर्षांचा सोहळा केला, आणि लगेच दुसऱ्या दिवशी, १० सप्टेंबरला, मालक कंपनीने तिथली मोटारनिर्मिती थांबविण्याचे जाहीर केले. मग त्याच महिन्यात लंडनच्या रस्त्यांतून शेकडो एम.जी. गाड्यांचा मोर्चा निघाला. गाडीवाल्यांचा मोर्चा, आणि तो कारखाना वाचविण्यासाठी! आम्ही बरेच मोर्चे काढले, पण असा ऐकला नव्हता. यश आले नाही. ऑक्टोबर १९८० मध्ये शेवटची गाडी बाहेर पडली. एम.जी. हे नाव आता एका चिनी कंपनीकडे आहे. २०१९ पासून आपल्या रस्त्यांवर तो अष्टकोनी बिल्ला दिसतो तो तिचा.

अलीकडे काही मंडळी जुन्या मोटारी शेअरसारख्या घेतात आणि झाकून ठेवतात. त्यांच्याविषयी आम्हाला फारसे सांगायचे नाही. पण आपल्याकडे जुन्या गाड्यांची फेरी निघते तेव्हा वर्तमानपत्रात मालकाचे नाव छापून येते. ज्या डेंटरने महिनोन्महिने हातोडीने पत्रा सरळ केला, त्याचे नाव एखाद्या ओळीत तरी यावे, एवढे मात्र वाटते.

आमची ॲम्बॅसडर केव्हाच लिलावात गेली. २०१४ साली उत्तरपाड्याच्या कारखान्यात ती बनणेही थांबले. मध्यंतरी मामांकडे गेलो असता त्यांना ती रबरी नळीची युक्ती सांगितली. आता मामांना कमी ऐकू येते. दोनदा सांगावे लागले. मग म्हणाले, "आम्ही लांब स्क्रूड्रायव्हर इंजिनाला लावून त्याची मूठ कानाशी धरायचो. पण आमच्या गाडीला एकच कार्बोरेटर ना, जुळवणार कोणाशी?"