गिऱ्हाईक पाटी वाचत नाही, नळ सोडून पाहते

बीडमध्ये ‘हॉटेल’ म्हटले की चहा-भजी किंवा जेवणाचे ठिकाण डोळ्यांसमोर येते. मुक्कामासाठी आपण ‘लॉज’ शोधतो. लॉजच्या काउंटरवर भाडे ठरले की गिऱ्हाईक विचारते, “पाणी आहे ना?” आणि लगेच, “सकाळी गरम पाणी किती वाजेपर्यंत?” ‘तुमचे लॉज पर्यावरणस्नेही आहे काय?’ असे विचारणारा मुसाफिर या जिल्ह्यात विरळाच. त्यामुळे हा विषय मुंबईच्या पंचतारांकित मंडळींचा, अशी आपल्या व्यापारी बंधूंची समजूत आहे. ती बरोबर नाही. गिऱ्हाईक तोच प्रश्न विचारत असते, फक्त त्याचे शब्द निराळे असतात.

आपल्याकडे मुक्कामाला येते कोण? परळीला वैद्यनाथाचे व अंबाजोगाईला योगेश्वरीचे दर्शन घेणारे, बीडला शहेनशाहवली दर्ग्याला येणारे, अंबाजोगाईच्या सरकारी मेडिकल कॉलेजात दाखल रुग्णांचे नातेवाईक, औषध आणि बी-बियाणे कंपन्यांचे प्रतिनिधी. यांपैकी बहुतेकांना खिशाकडे पाहून खोली घ्यावी लागते. पर्यावरणासाठी चार पैसे जादा मोजा, असे त्यांना सांगण्यात अर्थ नाही. मात्र स्वच्छ संडास, न तुटणारे पाणी आणि पहाटे गरम पाण्याची बादली मिळाली, तर हेच लोक पुढच्या खेपेला तेथेच येतात आणि गावाकडच्या चौघांना पत्ता देतात.

पाण्याचा प्रश्न आपल्याला समजावून सांगण्याची गरज नाही. पाण्याअभावी परळीचे औष्णिक वीज केंद्र २०१३ साली आणि पुन्हा २०१५ साली बंद ठेवावे लागले होते. २०१६ च्या उन्हाळ्यात शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. अशा वर्षी लॉजमालकाचा नफा टँकरवालाच घेऊन जातो. आणि याच जिल्ह्यात, बीड शहरालगत, १६ व्या शतकात निजामशाहीच्या काळात बांधलेली खजाना बावडी उभी आहे!

साधा हिशेब मांडू. वीस खोल्यांच्या लॉजमध्ये रोज तीस माणसे उतरतात असे धरा. जुन्या फ्लशच्या टाकीतून दर वेळी दहा लिटर पाणी जाते, नव्या दोन बटणांच्या टाकीतून तीन किंवा सहा. शॉवरऐवजी बादली ठेवली, गळके नळ दुरुस्त केले आणि दर माणशी ४० लिटर वाचले, तर दिवसाला १,२०० लिटर होतात. उन्हाळ्याच्या ९० दिवसांत १,०८,००० लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे जवळजवळ अकरा टँकर. गच्चीवर सौर बंब बसवला की मराठवाड्याचे ऊन फुकटात पाणी तापवते, वीज गेली तरी टाकीतले पाणी गरम राहते. येथे पर्यावरण आणि गल्ला एकाच बाजूला आहेत.

आता राहिला गिऱ्हाइकाच्या मनाचा प्रश्न. अमेरिकेत गोल्डस्टीन, चाल्डिनी व ग्रिस्केविशियस या संशोधकांनी एका हॉटेलात केलेला प्रयोग २००८ साली प्रसिद्ध झाला. ‘पर्यावरणासाठी टॉवेल पुन्हा वापरा’ असे कार्ड ठेवले, तेव्हा सुमारे ३५ टक्के वेळा टॉवेल पुन्हा वापरला गेला. ‘येथे उतरणारे बहुसंख्य लोक टॉवेल पुन्हा वापरतात’ असे लिहिले, तेव्हा हे प्रमाण ४४ टक्क्यांवर गेले. ‘याच खोलीत राहून गेलेले लोक’ असे म्हटल्यावर ४९ टक्के! पुढे २०१४ साली जर्मनीतून प्रसिद्ध झालेल्या अशाच अभ्यासात मात्र साधी विनंतीही तेवढीच कामी आली. तेव्हा अमेरिकेचे आकडे जसेच्या तसे बीडला लावू नयेत. पण चार माणसे करतात ते पाचवा करतो, हे आपल्या लग्नाच्या पंगतीतही दिसतेच.

दुसरी बाजूही आहे. ‘ग्रीनवॉश’ हा इंग्रजी शब्द १९८६ साली जन्मला, तो हॉटेलातील असल्याच टॉवेलच्या कार्डावरून. एकीकडे निसर्गाचे नाव घ्यायचे आणि प्रत्यक्षात धुलाईचा खर्च वाचवायचा, ही लबाडी एका अमेरिकन लेखकाने उघड केली. आपले गिऱ्हाईक तर याहून चाणाक्ष. ‘पाणी जपून वापरा’ ही पाटी आणि तिच्याच खाली टपटपणारा नळ पाहिला की त्याचा विश्वास उडतो. वर भाड्यातही सूट नसेल, तर मालक स्वतःचाच खर्च वाचवतो आहे, एवढेच त्याला कळते.

विठ्ठल कामत यांनी १९९७ साली मुंबईत विमानतळाजवळ ‘ऑर्किड’ हे पंचतारांकित हॉटेल काढले आणि पर्यावरणस्नेही हॉटेल म्हणून नाव मिळवले. त्या दर्जाच्या हॉटेलात उतरणाऱ्याचे बिल बऱ्याचदा कंपनी भरते आणि कंपनीला अशी प्रमाणपत्रे हवी असतात. आपल्या लॉजला प्रमाणपत्र नसले तरी चालेल. मुनीमजींच्या मागच्या भिंतीवर दोनच ओळी लिहाव्यात: मागच्या महिन्यात किती टँकर लागले आणि या महिन्यात किती.

१७ सप्टेंबर २०२५ रोजी बीडहून अहिल्यानगरला पहिली रेल्वेगाडी सुटली. स्टेशनच्या बाजूला कोणी नवे लॉज बांधायला काढत असेल, तर गच्चीचे पाणी साठवणारी टाकी आणि न्हाणीच्या सांडपाण्याची वेगळी नळजोडणी नकाशातच दाखवून घ्यावी. फरशी बसल्यावर हेच काम दुपटीने महाग पडते.