कॉल आला की २जी नेटवर्क आपल्याला शोधतं कसं?

गावी जाताना घाटात ५जी गायब होतं आणि फोनच्या कोपऱ्यात नुसता ‘ई’ उरतो, हे तुम्हीही पाहिलं असेल. (जिओवाल्यांना दिसणार नाही, त्यांचं २जी नाहीच.) तो ‘ई’ म्हणजे फोन २जीवर, म्हणजेच जीएसएमवर उतरला. १ जुलै १९९१ ला फिनलंडमध्ये या तंत्रावर पहिला कॉल झाला. मूळ रचना अजून तीच आहे.

कॉलेजात हा विषय माझ्या डोक्यावरून गेला होता. पुढे नोकरीत डेटाबेस सांभाळायला लागलो तेव्हा कळलं, अरे, हा तर मुळात रजिस्टरांचा कारभार आहे!

टॉवरवरच्या रेडिओ यंत्रणेला बीटीएस म्हणतात. अशा अनेक बीटीएसना एक बीएससी सांभाळतो. चालत्या गाडीतला कॉल शेजारच्या टॉवरकडे सोपवणं हे त्याचंच काम. त्याच्या वर एमएससी, म्हणजे एक्स्चेंज.

आता रजिस्टरं. एचएलआर हे कंपनीचं कायमचं रजिस्टर: तुमचा नंबर, घेतलेल्या सेवा आणि सध्या तुम्ही कोणाच्या हद्दीत आहात. व्हीएलआर म्हणजे त्या हद्दीतलं पाहुण्यांचं रजिस्टर, लॉजमध्ये असतं तसं. पुण्याहून नागपूरला पोचलात की तिथल्या व्हीएलआरमध्ये नाव चढतं, एचएलआरला निरोप जातो, जुनी नोंद पुसली जाते. कॉल आला की आधी एचएलआरला विचारायचं, मग त्या भागातले सगळे टॉवर तुमच्या फोनला हाक मारतात. फोन ‘ओ’ देतो, रिंग वाजते.

पण हा फोन तुमचाच कशावरून? सिममध्ये १२८ बिटची गुप्त किल्ली असते, तिचीच जोडी कंपनीकडे. नेटवर्क एक रँडम आकडा पाठवतं, सिम त्यावर किल्ली वापरून उत्तर काढतं, उत्तर जुळलं की प्रवेश. किल्ली स्वतः हवेतून कधीच जात नाही. डोकं लावलंय खरं!

फक्त उलटा प्रश्न राहिला. टॉवर खरा आहे का, हे तपासायची सोय २जी फोनला दिलेलीच नाही. म्हणून कोणी बनावट टॉवर लावून जोरात सिग्नल सोडला, तर फोन भोळेपणाने त्याला चिकटतो आणि बँकेच्या नावाने खोटा एसएमएस थेट येऊ शकतो. ३जीपासून फोनही नेटवर्कची ओळख तपासतो.

अँड्रॉइड १२ पासून काही फोनमध्ये सिमच्या सेटिंगमध्ये २जी बंद करता येतं. इमर्जन्सी कॉल तरीही लागतो. मी बंद केलंय. बाबांच्या फोनवर मात्र चालू ठेवलंय, शेतावर त्यांना तेवढंच मिळतं.