कुठलं शीत उचलणार?

मनू, भात शिजला का ते आजी कसं बघते? पळीवर एक शीत घेते, बोटांनी चेपते, झालं. पण समज, पातेलं एका बाजूला करपलंय आणि दुसऱ्या बाजूला भात कच्चाच आहे. मग कुठलं शीत उचलशील?

यकृताचं असंच होतं. ते मुळात मऊसूत असतं. त्याच्या आत चांदणीच्या आकाराच्या पेशी राहतात. १८७६ साली कुप्फर या जर्मन शास्त्रज्ञाला त्या दिसल्या. एरवी त्या अ जीवनसत्त्व साठवून गप्प बसलेल्या असतात. पण दारू, कावीळ करणारे विषाणू किंवा साठलेली चरबी वर्षानुवर्षं इजा करत राहिली, की याच चांदण्या साठा सोडून कोलॅजनचे धागे काढू लागतात. खरं तर ते रफूच, जखम सांधायला केलेलं. पण हात थांबत नाही आणि मऊ यकृत निबर होत जातं.

कोलॅजन म्हणजे तीन पदरांची वेणी. हे १९५४ साली मद्रासमध्ये जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था यांनी मांडलं. आपल्याकडचं काम, म्हणून मला त्याचं फार कौतुक आहे.

आता हे रफू किती झालंय ते कळायचं कसं? डॉक्टर बरगड्यांमधून सुई घालून तुकडा काढतात, ती बायॉप्सी. तुकडा केवढा? यकृताच्या सुमारे ५०,००० व्या भागाएवढा! रफू तर कुठे दाट, कुठे विरळ. शिवाय दुखतं, क्वचित रक्तस्रावही होतो. अशी सुई पुन्हा पुन्हा कोण टोचून घेईल?

बॉस्टनमध्ये पीटर कॅरव्हॅन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलॅजनलाच जाऊन चिकटणारी अमिनो आम्लांची छोटी साखळी घेतली आणि तिला गॅडोलिनियम जोडलं. शिरेतून ती सोडली, की कोलॅजन असेल तिथे थबकते आणि एमआरआयमध्ये ती जागा उजळते. उंदरांच्या यकृतात हे दिसलं. अशाच दुसऱ्या साखळीला किरणोत्सारी गॅलियम-६८ जोडून फुप्फुसात व्रण झालेल्या माणसांचंही पेट स्कॅन केलं गेलं. हे गॅलियम दर ६८ मिनिटांनी निम्मं होतं, म्हणजे शरीरात फार रेंगाळत नाही.

पण मला खरी गंमत वाटते ती पुढच्या युक्तीची. कोलॅजनचे धागे एकमेकांत गुंफले जाताना त्यांच्यावर थोडा वेळ रासायनिक हुक उघडे असतात. गुंफण पक्की झाली की ते झाकले जातात. त्या उघड्या हुकांनाच पकडणारा पदार्थ बनवला, तर जुनं रफू बाजूला राहतं आणि आत्ता, या घडीला, सुई कुठे चालू आहे तेवढंच उजळतं. उंदरांमध्ये हे करून पाहिलंय. औषध लागू पडलं तरी जुना व्रण विरायला महिने, वर्षं लागतात. हुक मात्र त्याच्या कितीतरी आधी कमी व्हायला लागतात.